मदत हवी आहे: 'आवश्यक प्लगइन सापडलं नाही' – ग्राहकाला फोनवर नेमकं काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका छोट्या ऑनलाइन कॉन्फरन्सिंग सेवेच्या ग्राहक मदत कक्षात काम करते. आमचे ग्राहक म्हणजे मुख्यतः कॉलेजं, पतसंस्था, सीएंची ऑफिसं आणि घरून शिकवण्या घेणारे शिक्षक. बरेचसे फोन एकाच संदेशाबद्दल येतात. मीटिंगची लिंक उघडली की वर पिवळी पट्टी दिसते, 'आवश्यक प्लगइन सापडलं नाही' (प्लगइन म्हणजे ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्राम). समोरच्याचा तास सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं उरलेली असतात, मुलं वाट बघत असतात आणि मला त्यांचा पडदा न बघता कारण शोधायचं असतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमची सेवा जुनी आहे. सुरुवातीला आवाज आणि व्हिडिओ फ्लॅश या प्लगइनवर, स्क्रीन शेअर जावा या दुसऱ्या प्लगइनवर चालायचं. क्रोमने एप्रिल २०१५ मध्ये एनपीएपीआय या जुन्या पद्धतीने जोडलेली प्लगइन्स आपोआप चालणं थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये ४५व्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकीची बंद केली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशही संपलं. तोवर आम्ही वेबआरटीसीवर आलो होतो, म्हणजे कॅमेरा आणि माइक आता ब्राउझर स्वतःच सांभाळतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. पण पान उघडताना होणारी तपासणी मात्र जुनीच राहिली. काहीही बिनसलं तरी ती शेवटी त्याच पिवळ्या पट्टीवर येऊन थांबते. नवे, नेमके संदेश लिहायचं काम इंजिनिअर मंडळींकडे आहे, पण त्याला वेळ लागणार. तोवर उत्तर मलाच द्यायचं आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पट्टी वाचल्यानंतर लोक जे करतात त्याची. घाईत 'प्लगइन डाउनलोड' असं शोधतात आणि जे पहिलं दिसेल ते टाकून मोकळे होतात. शिकवणी घेणाऱ्या एका बाईंनी 'फ्लॅश प्लेअर अपडेट' म्हणून असंच काहीतरी टाकलं आणि त्यानंतर त्यांच्या ब्राउझरचं पहिलं पानच बदललं, जाहिराती उघडायला लागल्या. बाई घाबरून गेल्या होत्या. त्याच लॅपटॉपवर त्यांचं बँकेचं कामही चालतं. १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द अ‍ॅडोबीनेच फ्लॅशचा मजकूर चालणं बंद केलंय, त्यामुळे आज त्याचं अपडेट देणाऱ्या कुठल्याही साइटवर विश्वास ठेवायचं कारण नाही. हे मी आता प्रत्येक फोनवर अगदी सुरुवातीलाच सांगते.

काही कारणं हळूहळू लक्षात आली आहेत. सीएंच्या ऑफिसात डिजिटल सहीच्या एखाद्या जुन्या साइटसाठी एज ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरसारखा चालेल असा, लावलेला असतो आणि कधी कधी आमचं पानही त्याच मोडमध्ये उघडतं. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला निळा ई दिसतोय का, एवढं विचारलं की खुलासा होतो. मोडमधून बाहेर आलं की कॅमेरा सुरू. पण एखाद्याने पान त्या मोडच्या यादीत घातलेलं असेल तर ते तीस दिवस तिथे राहतं, म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन यादीतूनही काढायला सांगते.

पतसंस्थांमध्ये विंडोज ७ अजून आहे. तिथे क्रोम आणि एज दोन्ही जानेवारी २०२३ च्या १०९व्या आवृत्तीवर थांबलेत. त्यांना वेबआरटीसी येतं, पण आमचं पान आवृत्तीचा आकडा बघूनच नाही म्हणतं. तिथे फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर काम निभावतं. मशीन बदला हे सांगतेच, पण ते त्या कारकुनाच्या हातात नसतं.

मॅकवाल्यांचा प्रकार निराळा. त्यांना पट्टी दिसत नाही, पण स्क्रीन शेअर केली की समोरच्यांना नुसता वॉलपेपर दिसतो. कॅटालिना या मॅकच्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्राउझरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी द्यावी लागते आणि ती दिल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात.

आता जे उलगडत नाही ते.

एका कॉलेजने त्यांच्या आतल्या पोर्टलमध्ये आमची मीटिंगची खोली चौकटीत बसवली आहे. विद्यार्थी पोर्टलमध्ये लॉगिन करतात आणि तिथेच तास दिसतो. पोर्टलमधून उघडलं की पिवळी पट्टी येते, परवानगीची खिडकी येतच नाही. तीच लिंक त्याच मशीनवर, त्याच क्रोममध्ये वेगळ्या टॅबला टाकली की सगळं सुरळीत. एक्स्टेन्शन्स बंद करून झाली, इन्कॉग्निटो करून झालं, दुसरा हेडफोन लावून झाला. पोर्टलच्या पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असं दिसतं, पण आमची खोली एचटीटीपीएसवरच, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच, आहे. त्यांच्या आयटीच्या सरांनी एक तोड काढली आहे: क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये (प्रयोगासाठीच्या सेटिंग्जमध्ये) असुरक्षित पत्ता सुरक्षित मानण्याची सोय आहे, ती लॅबमधल्या सगळ्या मशीनवर चालू करायची. मला हे पटत नाहीये, पण का नको ते ठामपणे सांगता येत नाही.

शिवाय दोन गोष्टी. स्क्रीन शेअरसाठी आमचं जुनं क्रोम एक्स्टेन्शन आहे. क्रोमने जुन्या मॅनिफेस्ट व्ही२ धाटणीची एक्स्टेन्शन्स बंद केल्यापासून ते कुणाकडेच चालत नाही. लोकांना त्याऐवजी काय सांगावं? आणि फ्लॅशच्या काळातल्या तासांची रेकॉर्डिंग्ज एफएलव्ही (फ्लॅशच्या व्हिडिओ) फाइल्समध्ये पडून आहेत. काही शिक्षक आता हयात नाहीत आणि त्यांचे विद्यार्थी ती मागतात. ती वाचवता येतील का?

प्रतिसाद:

ताई, कॉलेजचं कोडं चौकटीतच आहे. कॅमेरा-माइक मागायला पान सुरक्षित असावं लागतं आणि चौकटीतलं पान सुरक्षित ठरायला बाहेरचं पानही सुरक्षित असावं लागतं. पोर्टल साध्या एचटीटीपीवर असल्यामुळे तुमच्या एचटीटीपीएसचा उपयोग होत नाही. अशा वेळी ब्राउझर 'मीडियाडिव्हाइसेस' हा कॅमेरा-माइक मागायचा भागच पानाला दाखवत नाही. तुमच्या जुन्या तपासणीला तो सापडला नाही की ती प्लगइनच्या वाटेला जात असणार.

खात्री करायची तर एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये वरच्या यादीतून तुमची चौकट निवडा आणि 'इजसिक्युअरकॉन्टेक्स्ट' टाइप करा (रोमनमध्ये, सिक्युअरचा एस आणि कॉन्टेक्स्टचा सी कॅपिटल). 'फॉल्स' आलं तर हेच कारण. 'ट्रू' येऊनही खिडकी न विचारताच नकार मिळत असेल, तर पोर्टलवाल्यांनी आयफ्रेमच्या, म्हणजे त्या चौकटीच्या, टॅगमध्ये 'अलाउ' लिहून कॅमेरा, मायक्रोफोन आणि डिस्प्ले-कॅप्चरला मुभा दिलेली नाही. त्यांना पोर्टल एचटीटीपीएसवर आणणं आणि 'अलाउ' लिहिणं, दोन्ही करावं लागेल, एक करून भागणार नाही.

फ्लॅगचा उपाय मात्र करू देऊ नका. साध्या एचटीटीपीचं पान वाटेत कुणीही बदलू शकतो. तो पत्ता सुरक्षित मानायला लावलात, की बदललेल्या पानालाही कॅमेरा मागता येईल. एकदा कुणी 'परवानगी द्या' दाबलं की पुढच्या वेळी विचारणारही नाही. लॅबमध्ये मुलं बसतात. सरांना हे असंच सांगा.

स्क्रीन शेअरला एक्स्टेन्शन नकोच. क्रोमच्या ७२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्राउझर ते स्वतः करतो, फायरफॉक्स आणि सफारीही करतात. तुमच्या इंजिनिअरांनी एक्स्टेन्शन शोधणं काढून 'गेटडिस्प्लेमीडिया' ही ब्राउझरची स्वतःची सोय वापरली की झालं. हे काम संदेशांच्याही आधी व्हायला हवं.

रेकॉर्डिंग्ज नक्की वाचतील. एफएफएमपेग हे फुकट साधन एफएलव्ही वाचतं. आत एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असेल तर दर्जा न घालवता एमपी४ मध्ये नुसतं उचलून ठेवता येतं. जुना सोरेन्सन व्हिडिओ किंवा नेलीमोझर आवाज असेल तर नव्याने एन्कोड करावं लागेल, वेळ लागेल पण होईल. मूळ फाइल्स मात्र पुसू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनापासून आभार. पोर्टलच्या चौकटीत 'फॉल्स'च आलं. सरांना फोन केला, वाटेत पान बदलता येतं हे सांगितल्यावर त्यांनी फ्लॅगचा नाद सोडला. तूर्तास पोर्टलमधलं बटण नव्या टॅबमध्ये खोली उघडेल असं केलंय, आजचा तास त्यावरच झाला. एफएफएमपेगने एक जुना तास एमपी४ झाला, फळ्यावरची अक्षरं नीट वाचता येतात.

फक्त पोर्टल एचटीटीपीएसवर आणायला लागणाऱ्या प्रमाणपत्राचं अडलंय. पोर्टल कॉलेजच्या आतल्या आयपी पत्त्यावर चालतं, बाहेरून दिसत नाही. सर म्हणतात, अशाला प्रमाणपत्र कोण देणार?

प्रतिसाद:

आयपीवर नको, नावावर घ्या. कॉलेजचं स्वतःचं डोमेन असेलच, त्याखाली पोर्टलसाठी एक उपनाव काढा. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रं देणारी सेवा डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतल्या) नोंदीवरूनही मालकी तपासते, त्यासाठी पोर्टल बाहेरून दिसायची गरज नसते. आतल्या डीएनएसमध्ये ते नाव आतल्या पत्त्याकडे वळवा. प्रमाणपत्राची मुदत थोड्या महिन्यांचीच असते, तेव्हा नूतनीकरण आपोआप होईल असं सरांकडून पहिल्याच दिवशी लावून घ्या, नाहीतर ऐन परीक्षेत पट्टी परत येईल.