प्रिंटरचे रंग जुळवायला कमांड लाइनच हवी का?

रंगपारखी (धागा सुरू करणारे)

माझ्या कृष्णधवल प्रिंटमध्ये कित्येक महिने सावलीच्या भागात हिरवट झाक येत होती. शाई बदलली, कागद बदलला, ड्रायव्हरमधले रंगांचे स्लायडर सरकवून पाहिले. एका फोटोतली झाक गेली की दुसऱ्यात जांभळट छटा यायची. शेवटी स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाचा वर्णपट मोजणारं उपकरण) मिळवला आणि ग्रेम गिल यांच्या आर्गिल सीएमएस या मुक्त सॉफ्टवेअरने स्वतः प्रोफाइल, म्हणजे आपला प्रिंटर रंग कसे छापतो याचं वर्णन करणारी फाइल, बनवलं. त्यात बटणं नाहीत, सगळं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लाइनवर, टाइप करायचं. त्यातली एकेक आज्ञा एकेक काम करते: टार्जेन कोणते रंग छापायचे ते ठरवतं, प्रिंटटार्ग त्यांचा तक्ता पानावर मांडतं, छापलेला तक्ता चार्टरीड उपकरणाकडून पट्टीपट्टीने मोजून घेतं आणि त्या मोजमापातून कोलप्रॉफ आयसीसी या प्रमाणित स्वरूपातलं प्रोफाइल तयार करतं. झाक गेली.

माझं ठाम मत असं की हे काम कमांड लाइनवरच करावं. मी दिलेली प्रत्येक आज्ञा एका मजकुराच्या फाइलमध्ये आहे. नवा कागद आला की तीच फाइल, फक्त नाव बदलून. बटणांच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या वेळी कुठली खूण केली होती हे सहा महिन्यांनी कुणाला आठवतं?

शाईदौत

असहमत. तुमची झाक कमांड लाइनने घालवलेली नाही, मोजमापाने घालवली. तोच तक्ता त्याच उपकरणाने बटणांच्या सॉफ्टवेअरमधून मोजला असता तरी गेली असती.

आणि खरी चूक जिथे होते तिथे टर्मिनल काहीच मदत करत नाही. तक्ता छापताना ड्रायव्हरमधलं रंगव्यवस्थापन बंद हवं. ते चालू राहिलं तर तुम्ही प्रिंटर मोजत नाही, ड्रायव्हरने आधीच बदललेले रंग मोजता. पुढे फोटो छापताना प्रोग्राम आणि ड्रायव्हर दोघंही रंग बदलायला लागले तर पुन्हा सगळं बिघडतं. कागदाचा प्रकार दोन्ही वेळा तोच निवडायला हवा, कारण किती शाई सोडायची ते त्यावरून ठरतं. तुमच्या मजकुराच्या फाइलमध्ये यातलं काय नोंदलं जातं? काहीच नाही. नवख्या माणसाला तुम्ही अर्ध्या कामाची खात्री देताय.

रंगपारखी

ड्रायव्हरबद्दल बरोबर बोललात. मी सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो, पण ती माझी शिस्त झाली, आर्गिलची नव्हे. हे मान्य.

कोराकागद

शब्दांचा एक गोंधळ दूर करू द्या, नाहीतर दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर वाद घालत राहाल. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला ठरलेल्या स्थितीत आणणं. प्रोफाइल म्हणजे ते यंत्र आहे त्या स्थितीत कसं वागतं याचं वर्णन. धाग्यात सांगितलंय ते सगळं प्रोफाइल बनवणं आहे. आर्गिलमध्ये कॅलिब्रेशनसाठी प्रिंटकॅल ही वेगळी आज्ञा आहे. यंत्राची चाल बदलली की प्रत्येक शाईच्या पायऱ्यांचा छोटा तक्ता छापून मोजायचा आणि यंत्र पुन्हा पहिल्या स्थितीवर आणायचं, म्हणजे जुनं प्रोफाइल चालू राहतं. मात्र ड्रायव्हरमधून आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आकडे पाठवणाऱ्या इंकजेटवर बहुतेकांना याची गरज पडत नाही. तिथे ड्रायव्हरच शाया वाटतो, एकेक शाई आपल्या हातात नसतेच.

शाईदौत

उपयुक्त माहिती. पण यातूनही माझंच म्हणणं पक्कं होतं. ज्याच्याकडे एक प्रिंटर आणि एक कागद आहे, त्याने कागद बनवणाऱ्याने दिलेलं तयार प्रोफाइल वापरावं आणि वेळ फोटो काढण्यात घालवावा.

रंगपारखी

तयार प्रोफाइल चालेल की नाही, हे तुम्ही गृहीत धरताय. मला ते तपासता आलं, आणि तेही याच आज्ञांमुळे. चार्टरीडने मोजलेले आकडे टीआय३ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात. ती फाइल आणि कागदवाल्याचं प्रोफाइल, दोन्ही आर्गिलच्याच प्रॉफचेक या आज्ञेला दिली की ते प्रोफाइल माझ्या प्रिंटरबद्दल जे सांगतं आणि प्रिंटर प्रत्यक्षात जे छापतो यातलं अंतर डेल्टा-ई या रंगफरकाच्या मापात मिळतं (आकडा जितका लहान तितका फरक कमी). -k हा पर्याय दिला तर सीआयईडीई २००० या रंगफरकाच्या सूत्राने. माझ्याकडे तक्त्यातल्या गडद करड्या चौकटींमध्ये अंतर सगळ्यात जास्त निघालं, म्हणजे नेमकं जिथे हिरवट दिसत होतं तिथेच. माझ्या स्वतःच्या प्रोफाइलची सरासरी १ च्याही खाली आहे.

कोराकागद

त्या शेवटच्या आकड्यावर विसंबू नका. ज्या चौकटींवरून प्रोफाइल बनवलं, त्याच चौकटींवर ते तपासलं तर आकडा गोड येणारच. प्रोफाइल त्या मोजमापांवर किती घट्ट बसलं एवढंच त्यातून कळतं. टार्जेनकडून वेगळ्या रंगांचा दुसरा छोटा तक्ता करून घ्या, छापा, वाळू द्या, मोजा आणि त्यावर प्रॉफचेक चालवा. मग जो आकडा येईल तो खरा. कागदवाल्याच्या प्रोफाइलची तुलनाही त्याच दुसऱ्या तक्त्यावर करा, नाहीतर तुमच्या प्रोफाइलला घरचं मैदान मिळतं.

टीआय३ फाइल जपण्याबद्दल मात्र मी रंगपारखींच्या बाजूने आहे, आणि तिचा याहून मोठा उपयोग आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजलं असेल तर त्यात प्रत्येक चौकटीचा पूर्ण वर्णपटही असतो. आयसीसी प्रोफाइल डी५० हा दिवसाच्या उजेडासारखा ठरवलेला प्रमाणित प्रकाश धरून चालतं. प्रिंट दुसऱ्याच दिव्याखाली टांगायची असेल तर कोलप्रॉफला तो प्रकाश सांगून त्याच मोजमापातून नवं प्रोफाइल काढता येतं. कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतील तर त्यांचा हिशेबही तिथेच करता येतो. एकही पान पुन्हा छापावं लागत नाही.

फिकटनिळा

उपकरण नाही, स्कॅनर आहे. त्याने भागेल का?

कोराकागद

आर्गिलमधल्या स्कॅनइन या आज्ञेने स्कॅनरवरून तक्ता वाचता येतो, त्यासाठी आधी स्कॅनरचं प्रोफाइल लागतं. पण स्कॅनर तीन रंगांच्या फिल्टरमधून बघतो, वर्णपट मोजत नाही. आपल्या डोळ्याला वेगळ्या दिसणाऱ्या दोन शाया त्याला एकसारख्या वाटू शकतात. करड्या रंगाची झाक घालवायची असेल तर मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

शाईदौत

वर्णपटाचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो जोरदार आहे. तरी मी नवख्याला टर्मिनल सुचवणार नाही. आधी एकदा ड्रायव्हरचं रंगव्यवस्थापन नीट बंद करून, योग्य कागद निवडून, तयार प्रोफाइलने छापून बघा असंच सांगेन. झाक राहिली तर उपकरण कुणाकडून तरी मागून आणा आणि प्रॉफचेकला विचारा.

रंगपारखी

दुसरा तक्ता आज छापला. उद्यापर्यंत वाळू देतो. दोन्ही प्रोफाइलचे आकडे इथेच टाकतो, माझं हरलं तरी.