मदत हवी आहे : आमच्या गावातील झोपडपट्टीचे आकडे जनगणनेत का नाहीत?

नाल्याकाठची
एम.ए.च्या प्रबंधासाठी मी अनौपचारिक वस्त्यांच्या जागेवरच होणाऱ्या सुधारणेवर लिहीत आहे. नागपूर, अमरावतीचे 2011 चे तक्ते मिळाले, परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावाचे नावच त्यांत नाही, आणि वस्ती तर रोज डोळ्यांसमोर दिसते. मार्गदर्शकांना लगेच आकडे हवे आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा.

जुना तलाठी
ताई, नगरपंचायत कोणत्या वर्षी झाली आणि ती जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे देणार?

कांदिवलीकर
आकडे कशाला? मुंबईत 1995 पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आहे. विकासक झोपडीधारकांना फुकट घर देतो आणि वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, विकून खर्च भरून काढतो. तीच योजना गावी आणावी.

वर्धेचा भाऊ
तालुक्याच्या गावात चटई क्षेत्र विकत कोण घेणार, भाऊ? पुण्याच्या येरवड्यात त्याच जागी, रहिवाशांना आराखड्यात सामील करून घरे बांधली गेली, आणि ओडिशाने 2017 मध्ये झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा केला. उदाहरण घ्यायचे तर ते घ्यावे.

नाल्याकाठची
नगरपंचायत 2015 मध्ये झाली. जागा सरकारी आहे, असे सगळे म्हणतात. सातबारा पाहिलेला नाही.

जुना तलाठी
मग कोडे सुटले. 2011 मध्ये झोपडपट्ट्यांची गणना केवळ वैधानिक शहरांत, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत असलेल्या गावांत झाली. आपले गाव तेव्हा ग्रामपंचायत होते, त्यामुळे तो तक्ता कोठेच सापडणार नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, आता नगरपंचायतीकडे असावा, त्यावरून घरे मोजावीत. सातबाऱ्यासोबत निस्तार पत्रकही, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींची नोंदही, पाहावे, कारण आपल्याकडे ‘सरकारी’ म्हणजे पुष्कळदा झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन असते, आणि 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनजमिनी ठरविल्या आहेत. तशी नोंद निघाली, तर पट्टा, म्हणजे जमिनीचा हक्क, देणे एकट्या राज्याच्या हाती राहत नाही, केंद्राची मंजुरी लागते. ओडिशाचा दाखला देण्यापूर्वी एवढे तपासावे.

गावचा पोरगा
आमच्या काकांकडे पट्टा नाही. अडीच लाखांचे घरकुल मिळेल काय?

वर्धेचा भाऊ
त्यासाठी वेगळा धागा काढावा. तलाठीसाहेब, झुडपीची भीती घालून विषय संपवू नका. पट्टा अडला तरी नाली, नळ आणि पक्की वाट अडू नये. 1971 च्या झोपडपट्टी कायद्यात नावातच ‘सुधारणा’ आधी आहे आणि ‘निर्मूलन’ नंतर.

जुना तलाठी
त्या कायद्याच्या कलम 4 खाली वस्ती घोषित झाली आहे काय, हेही विचारून घ्यावे. वनजमिनीवर नाली खोदायची तरी परवानगी लागते, भाऊ.

नाल्याकाठची
दोघांचेही आभार. आता अडचण मोजणीची. नाल्यालगत एकाच टिनाच्या छपराखाली दोन भाऊ राहतात आणि मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना वेगळी चूल आहे. नमुना 8 मध्ये घर एकच असेल, तर कुटुंब एक धरावे की दोन?

जुना तलाठी
दोन. जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक कुटुंब. गणनेत वस्ती धरायला साठ-सत्तर कुटुंबे लागत, म्हणून चुलीच मोजाव्यात.