नवऱ्याला मिकीच्या रांगेत उभं करून लेकीला नंतर आणलं तर चालेल का?

सातपूरची आई
दिवाळीच्या सुट्टीत हाँगकाँग डिस्नीलँडला जातोय. लेक साडेचार वर्षांची. मागच्या वर्षी दुसऱ्या एका पार्कात तिच्या लाडक्या अस्वलाला भेटायला 50 मिनिटं उभे होतो. पुढे तीनच कुटुंबं उरली आणि अस्वल आत निघून गेलं. ते परत येईपर्यंत ही माझ्या खांद्यावर झोपली. उठल्यावर "गेला का गं तो?" एवढंच विचारत राहिली. म्हणून या वेळी हे रांगेत उभे राहतील, मी तिला सावलीत खेळवेन आणि नंबर जवळ आला की घेऊन जाईन. सासूबाईंना हे पटत नाही. तुम्हाला?

गंगाघाट
मलाही नाही पटत, ताई. तुमच्या मागच्या बाईने पुढे एकच माणूस धरलेला असतो, ऐन वेळी तिघं होतात. तिच्याही कडेवर पोर असतंच की. फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डच्या नियमांतच आहे, सगळ्यांनी मिळून रांगेत शिरायचं, दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या बारीत आपली पोरं उभी राहतातच ना? गोष्टी सांगत, खाऊ देत वेळ निघतो. पोरांना थांबायची सवय अशीच लागते.

इंदिरानगरचा बाबा
त्र्यंबकची तुलना नको. तिथे बारी सरकत असते आणि देव जागेवर असतो. इथे त्या जाड पोशाखात माणूस उकडून निघतो, त्याला ठरावीक वेळाने आत जावंच लागतं. मग रांग थांबते, कधी बंदही करतात. साडेचार वर्षांच्या पोरीला "आता येईल" किती वेळा सांगणार?

मात्र जागा धरायची गरजच पडू देऊ नका. गेट उघडलं की बहुतेक लोक मोठ्या राइड्सकडे पळतात, तेव्हा तुम्ही आधी मिकी गाठा. नाहीतर परेड चालू असताना जा. भेटीच्या वेळा पार्कच्या अ‍ॅपवर असतात, आदल्या रात्री बघून ठेवा. आणि रांगेत शिरण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, "आमचा नंबर या फेरीत लागेल का?" तुमचं मागच्या वर्षी नेमकं तेच राहिलं.

देवळालीकर
हाँगकाँग डिस्नीलँड हॉटेलात एन्चँटेड गार्डन म्हणून रेस्टॉरंट आहे. तिथे कॅरेक्टर्स टेबलापाशी येतात. आधी बुकिंग करा, पोर जेवत असताना भेट होते.

गंगाघाट
तिघांचं तिथलं बिल सगळ्यांना झेपत नाही हो. ज्यांना झेपत नाही ते रांगेतच असतात, म्हणून तर रांगेचा नियम पाळायचा.

सातपूरची आई
मागच्या बाईचा विचार मी खरंच केला नव्हता. सकाळी पहिल्यांदा मिकी, तिघं एकत्र, हे नक्की. पण मध्येच शू लागली तर?

गंगाघाट
ते वेगळं. कर्मचाऱ्याला आणि मागच्यांना सांगून जा, कोणी अडवणार नाही. आधी रांगेत आलेलं पोर आहे ते.

इंदिरानगरचा बाबा
आणि रडून हैराण झाली तर? तेव्हाही बाहेर न्यायला हवंच. मला त्यात काही गैर वाटत नाही.

गंगाघाट
मागच्यांनी हो म्हटलं तरच. नाही म्हटलं तर?

सातपूरची आई
तर मिकीला लांबून हात करू आणि पुढे जाऊ. तिला आत्तापासूनच तसं सांगून ठेवते.