वृद्धनिवासात व्हीआर: हेडसेट काढल्यावर आजी रडल्या, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मी एका वृद्धनिवासात काम करते. औषधपाणी माझ्याकडे नाही. रहिवाशांचा दिवस नुसता छताकडे बघण्यात जाऊ नये, एवढं बघणं माझ्याकडे. काहींना डिमेन्शिया आहे, बाकीच्यांची डोकी तल्लख पण गुडघ्यांनी दगा दिलेला. तीन महिन्यांपूर्वी एका काकूंच्या मुलाने दोन क्वेस्ट २ हेडसेट आणून दिले (डोळ्यांवर चढवायचं व्हीआरचं यंत्र, घातलं की चहूबाजूंना दुसरीच जागा दिसते). "आईला समुद्र दाखवा," एवढंच म्हणाला आणि गेला. बाकी सगळं त्याला फोनवर विचारून विचारून शिकले.

समुद्र झकास जमला. काकू व्हीलचेअरवर होत्या. लाट जवळ आली तशी त्यांनी दोन्ही पाय फूटरेस्टवरून वर घेतले, भिजतील म्हणून. ज्या पायांच्या व्यायामासाठी आमच्या मावशी रोज विनवण्या करतात, तेच पाय! सगळे हसलो, त्याही हसल्या. मग रांगच लागली.

दुसऱ्या आठवड्यात मी माती खाल्ली. एका आजोबांना होडीतून जातानाचा व्हिडिओ लावला. तीन मिनिटांत घामाघूम, मग उलटी, आणि संध्याकाळपर्यंत अंथरुणात.

पण धागा काढलाय तो तिसऱ्या प्रसंगासाठी. एका आजींना (डिमेन्शिया, मधला टप्पा) त्यांची जुनी गल्ली बघायची होती. रस्त्यांची ३६० अंशांतली छायाचित्रं दाखवणारं अ‍ॅप आहे, त्यात मुलीकडून घेतलेला पत्ता घातला. सात-आठ मिनिटं आजी बोट दाखवून बोलत होत्या: हा कोपरा, ही पायरी, इथे हे सायकल लावायचे. आठवडाभरात मिळून त्या इतक्या बोलल्या नव्हत्या. मग एकदम गप्प. मी हेडसेट काढला तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला इथे परत का आणलंस?" नंतर रडणं. रात्री पिशवी भरून दाराशी येऊन बसल्या.

आता मॅनेजर म्हणतात, यंत्र कपाटात ठेवा. मुलगी नाराज आहे. रात्रपाळीच्या मावशींचं म्हणणं वेगळंच: आजी दुसऱ्या दिवशीही त्या गल्लीबद्दल बोलत होत्या, मग वाईट काय झालं? मला खरंच ठरवता येत नाहीये. रडणं म्हणजे नुकसान धरायचं का? आणि हेडसेट कोणाला लावूच नये? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं, कानउघाडणी केलीत तरी चालेल.

प्रतिसाद १

फिजिओथेरपिस्ट आहे. होडीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. डोळे सांगतात आपण चाललोय, आतल्या कानातली तोलाची यंत्रणा सांगते बसलोय. हा बेबनाव मेंदूला झेपला नाही की मळमळतं. म्हणून कॅमेरा हलता नको. झाडं हलू देत, पाणी हलू दे, माणसं चालू देत, बघणारा मात्र जागच्या जागी. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरेत. फिरती खुर्ची नको. हातांची पक्की खुर्ची घ्या, व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावून. मान फारशी वळत नाही, तेव्हा बघण्यासारखं जे असेल ते समोरच यायला हवं.

क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम, आणि जवळजवळ सगळं कपाळापुढे. मानेचं दुखणं असेल तर मागे वजन असलेला पट्टा लावा. (आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली बनवलेला हेडसेट छताला टांगावा लागायचा, त्या मानाने तुम्ही सुखी.)

फिट येत असेल, चक्कर चालू असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नको. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. चुंबक आणि रेडिओलहरींबद्दलचा इशारा उत्पादकाच्या सूचनापत्रातच आहे. लेवी बॉडी डिमेन्शियात आधीच नसलेली माणसं दिसतात, त्यात आपण भर घालू नये.

आजींच्या रडण्याबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे.

प्रतिसाद २

रोखठोक लिहितो, राग मानू नका. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी मांडल्या होत्या. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. यंत्र नव्हतं, साधी खिडकी होती. तुम्ही पलंग खिडकीकडे वळवून बघितलेत का?

आणि डिमेन्शियात जुन्या आठवणी काढून उपचार करण्याबद्दल २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे (कॉक्रेन ही संस्था एकेका उपचारावरचे अभ्यास एकत्र तपासते), २२ अभ्यासांचा. फायदा सापडला, पण छोटा, आणि ठिकाणागणिक, पद्धतीगणिक वेगळा. तेव्हा फार आशा लावून बसू नका.

प्रतिसाद ३

@प्रतिसाद २, खिडकीचं पटलं. पण ज्यांच्या खिडकीतून पार्किंगच दिसतं त्यांनी काय करावं? असो.

आईचा डिमेन्शिया मी सहा वर्षं सांभाळला, म्हणून ताई, तुम्हाला तीन गोष्टी विचारते. किती वाजले होते? आजींना काय दिसतंय ते तुम्हाला दिसत होतं का? आणि घर तिथे होतं का? ती छायाचित्रं आठवणीतली नसतात हो, अलीकडची असतात.

धागाकर्ती

पाच वाजून गेले होते, चहानंतर. आणि नाही, मला काहीच दिसत नव्हतं. कास्टिंग (हेडसेटमधलं चित्र बाहेरच्या पडद्यावर दाखवणं) असतं हेच ठाऊक नव्हतं. तुमचं वाचून आज टॅबलेटवर तोच पत्ता उघडला. घर आहे. पण रंग दुसरा आहे, आणि पुढच्या कठड्यावर दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत घातलेत. आजी गप्प झाल्या त्या तिथेच असणार.

आणि मी शेजारी उभी राहून "वा, किती छान" म्हणत होते.

प्रतिसाद ३

स्वतःला दोष लावून घेऊ नका, मीही असलं पुष्कळ केलंय.

डिमेन्शियात दिवस कलला की घालमेल वाढते, 'घरी जायचंय' सुरू होतं. पिशवी भरणं हेडसेटशिवायही झालं असतं कदाचित. तरी पाचनंतर हे नकोच. सकाळी, नाश्ता पोटात असताना. दुसरं, हेडसेट खसकन काढायचा नाही. "आता आपण खोलीत परत येतोय, मी शेजारीच आहे," असं आधी सांगायचं, हात हातात घ्यायचा आणि शेवटी दोन मिनिटं कोणाचंच नसलेलं काहीतरी लावायचं, नदीकाठ वगैरे. गल्लीतून थेट ट्यूबलाइटखाली आणलंत तर कोणीही विचारेल मला इथे का आणलंस.

रडण्याबद्दल: माझी आई रडायची आणि मग तासभर शांत, मोकळी असायची. कधी रडायची आणि दोन दिवस जेवायची नाही. दोन्ही रडणी बघताना सारखीच दिसतात. फरक नंतर कळतो, म्हणून नंतरचं लिहून ठेवा. लॉटन या संशोधकांची एक भावनांच्या निरीक्षणाची मोजपट्टी आहे, त्यात पाचच गोष्टी बघायच्या: आनंद, राग, चिंता किंवा भीती, दुःख आणि भोवतालाकडे असलेलं लक्ष. आधी, बघताना, लगेच नंतर आणि रात्री, अशा चार वेळा वहीत टिपा. मॅनेजरांशी वाद घालायला तुमच्या आणि मावशींच्या मतांपेक्षा ती वही बरी.

प्रतिसाद ४

तांत्रिक बाजू, थोडक्यात. आजी-आजोबा "धूसर दिसतंय" म्हणतात तेव्हा दर वेळी मोतीबिंदू नसतो. ४के व्हिडिओचे ३८४० पिक्सेल सगळ्या ३६० अंशांवर ताणले जातात, म्हणजे अंशाला जेमतेम ११. निरोगी डोळा साठेक ओळखतो. शिवाय भिंगांमधलं अंतर: क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच खाचा आहेत, प्रत्येकासाठी बदला. चश्मा घालूनच लावायचा असेल तर खोक्यात स्पेसर (चश्म्याला जागा करणारी चौकट) येतो, शोधा.

व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवा. भिंगं कोरड्या मऊ कापडानेच पुसा, सॅनिटायझर नको. आणि खिडकीत ठेवू नका! ऊन भिंगातून आत गेलं की पडदा जळतो, कायमचा डाग. माझा एक असाच गेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोन पलंग खिडकीकडे वळवलेत, प्रतिसाद २ ना कळावं.

काल सकाळी दहा वाजता आजींकडे गेले. हेडसेट दाखवला, नको म्हणाल्या. मग टॅबलेट मांडीवर घेऊन दोघी बसलो. गल्लीच्या अलीकडच्या चौकापर्यंत गेलो तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "बास, इथवरच." आणि पुढचा रस्ता डोळे मिटून तोंडी सांगितला, डावीकडचं तिसरं दार, आत वळल्यावर उंबऱ्याला खाच. मी वहीत लिहून घेतलं. पाच रकान्यांत ते कुठे बसतं कळलं नाही, समासात लिहिलंय. रात्री पिशवी भरली नाही. आज भरली.

होडीवाले आजोबा परत कधी म्हणून विचारतायत, त्यांना आता नुसतं काठावर बसायचंय.

एक राहिलंच. मॅनेजरांना नातेवाइकांची लेखी संमती हवी आहे, आणि मला त्यात रहिवाशाने स्वतः हात वर केला की लगेच थांबवायचं, हेही घालायचंय. कोणाकडे असा नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.