ईश्वरविज्ञानातील पदव्युत्तर पदवी : भाषांची तयारी आधी

ईश्वरविज्ञानात (थिऑलॉजी, म्हणजे ईश्वर आणि धर्मश्रद्धा यांचा अभ्यास) पदव्युत्तर पदवी घेण्यापूर्वी कोणती तयारी करावी, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी श्रद्धेविषयी लिहिले आहे. मला भाषांविषयी लिहिणे अधिक गरजेचे वाटते. उदाहरणार्थ, बायबलच्या जुन्या करारातील यशया ग्रंथाच्या सातव्या अध्यायातील चौदाव्या वचनात मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा होतो. परंतु ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे प्रामुख्याने ‘कुमारी’, हा शब्द आला, आणि नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानाने येशूच्या जन्माविषयी सांगताना हेच ग्रीक रूप उद्धृत केल्यामुळे या एका शब्दावर शतकानुशतके वाद होत राहिला. असा वाद केवळ अनुवादांच्या आधारे समजून घेता येत नाही, आणि मला तर या विषयाचा खरा आनंद अशाच ठिकाणी मिळतो. म्हणून प्रवेशापूर्वीच हिब्रू किंवा ग्रीकची मुळाक्षरे आणि प्राथमिक व्याकरण शिकून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

पदवीची निवड मात्र उद्दिष्टावर अवलंबून आहे. मास्टर ऑफ डिव्हिनिटी हा साधारणपणे तीन वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः धर्मसेवेसाठी असतो, तर संशोधनाकडे वळणाऱ्यांना एम.ए. किंवा मास्टर ऑफ थिऑलॉजी अधिक उपयोगी पडते. श्रद्धेची अट सर्वत्र नसते. चर्चशी संलग्न संस्थांमध्ये ती असू शकते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी नियमावली अवश्य वाचावी.