‘रिपेन्टन्स’चं आयुष्य मराठीत कसं लिहायचं?

नगरवाला:
आजोबांच्या स्मरणार्थ घरच्यांपुरती छोटी पुस्तिका काढतोय. अमेरिकेतल्या चुलतभावाने लिहून पाठवलंय, ‘अ लाइफ ऑफ रिपेन्टन्स अँड फेथफुल ओबीडियन्स’. मी केलं ‘पश्चात्तापाचे व विश्वासू आज्ञापालनाचे जीवन’. आत्या उखडली. “बाबांनी काय दरोडा घातला होता, जन्मभर पस्तावायला?” आजोबा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ, होते, पहाटेची प्रार्थना कधी चुकली नाही. सुचवा काहीतरी.

व्याकरणी:
विश्वासू नोकर असतो, कुत्रा असतो. पालन विश्वासू कसं असेल? ‘निष्ठापूर्वक’ करा. आणि आत्याबाईंचं बरोबर आहे. पश्चात् अधिक ताप. आधी कृत्य, मग ताप. कृत्यच नसेल तर शब्द वापरू नये.

सेमिनरीतला:
फोड बरोबर, पण ख्रिस्ती वापर तेवढ्यावर थांबत नाही. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे विचारच पालटणं. हिब्रूत ‘शूव’, सरळ मागे फिरणं. लॅटिनमध्ये त्याचं ‘पेनिटेन्शियाम आगिते’ झालं आणि लोक त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त घ्या’ असा लावू लागले. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने पंचाण्णव मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच हा: विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, असं प्रभूला म्हणायचं होतं. चुलतभावाचं वाक्य त्याच वळणाचं आहे. दरोड्याची गरज नाही.

वसईकर:
सगळं लॅटिनवर ढकलू नका. आमच्या कॅथलिकांच्या प्रायश्चित्त संस्कारातही नुसती तोंडची कबुली चालत नाही. मनापासून दुःख हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, भरपाई हवी. बायबलातल्या जकातदार जक्कयने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं, ते उगाच नाही. गोव्यात कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात, पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’वरून. तुम्ही ‘अनुताप’ घ्या. तुकोबांना चालला, आजोबांनाही चालेल.

व्याकरणी:
अनुताप म्हणजेही मागून येणारा तापच. फरक काय पडला?

वसईकर:
वापराचा. ‘आरोपीला पश्चात्ताप’ अशी बातमी येते, ‘आरोपीला अनुताप’ कधी वाचलीत?

व्याकरणी:
बातम्यांवरून अर्थ ठरवायचे तर कोश रद्दीत घाला.

फिरस्ती:
मागे फिरणंच हवं तर ‘मन फिरलं’ लिहा ना. आमच्याकडे मन फिरलं म्हणजे ठरलेलं लग्न मोडलं 😄

सेमिनरीतला:
एक गंमत. आमच्या घरच्या जुन्या बायबलात येशूला पैशांसाठी धरून देणारा यहूदा ‘पस्तावला’ आहे. तिथे ग्रीक क्रियापदही वेगळं, ‘मेटामेलोमाई’. म्हणजे हळहळला, पण देवाकडे वळला नाही. पस्तावणं वेगळं, पश्चात्ताप वेगळा.

वसईकर:
छान, पण टिकत नाही. मत्तय 21 मधला दोन मुलांचा दाखला काढा. बापाला ‘मी जात नाही’ म्हणणारा मुलगा नंतर द्राक्षमळ्यात जातोच. त्याच्यासाठीही हेच क्रियापद आहे. तो कुठे नुसता हळहळत बसला? उलट ‘जातो’ म्हणणारा गेला नाही. आजोबांच्या दोन्ही गोष्टी, पश्चात्ताप आणि आज्ञापालन, त्या पहिल्या पोरात सापडतील.

सेमिनरीतला:
हं. यावर विचार करावा लागेल.

जुनी पाटी:
एवढं ग्रीक कशाला? आज्ञापालन कवायतीच्या मैदानावर असतं. घरात आपण ‘ऐकणं’ म्हणतो. पोरगं ऐकत नाही म्हणजे त्याचे कान बिघडलेत असं नाही.

सेमिनरीतला:
हिब्रू ‘शमा’चं अगदी हेच. ऐकणं आणि मानणं, दोन्हीला एकच शब्द. ग्रीक ‘हुपाकोए’च्या पोटातही ऐकणंच आहे.

नगरवाला:
मग असं? ‘ते देवाकडे वळत राहिले आणि त्याचे ऐकत राहिले.’

व्याकरणी:
निष्ठा कुठे गेली? ‘फेथफुल’ गाळलंत.

जुनी पाटी:
‘राहिले’ दोनदा आलंय की. त्यातच आली निष्ठा.

व्याकरणी:
क्रियापदाच्या शेपटीत विशेषण लपवण्याला भाषांतर म्हणत नाहीत.

फिरस्ती:
यहूदा निघालाच आहे म्हणून विचारतो. जुन्या मराठी बायबलात त्याला ‘तीस रुपये’ मिळतात. यरुशलेमात रुपये?

व्याकरणी:
हसू नका. रुपया हा ‘रूप्य’वरून, म्हणजे चांदी. मूळ ग्रीकातही चांदीची नाणीच आहेत. त्या भाषांतरकाराला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

फिरस्ती:
मग ‘तीस कलदार’ का नको?

वसईकर:
कलदार म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीचा रुपया. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.