कार्ट्रिजचे पाकीट उघडायला कात्री का लागावी?

रामबागकर
गेल्या आठवड्यात आमच्या इंदुरातल्या मंडळाच्या व्याख्यानमालेची पत्रके घरीच छापायला घेतली आणि तिसऱ्याच प्रतीला काळी शाई संपली. नवे कार्ट्रिज आणले. पुठ्ठ्याचा खोका सहज उघडला. पण आत कडा वितळवून जोडलेले जाड पारदर्शक प्लास्टिकचे कवच होते आणि त्याच्याही आत चंदेरी पाकीट. कवचाला ना खाच, ना ओढायची पट्टी. शेवटी स्वयंपाकघरातली कात्री चालवली, तेव्हा कापलेल्या कडेने अंगठा चिरला आणि पुढे पाकीट कापताना कात्रीचे टोक कार्ट्रिजवरच्या तांब्याच्या संपर्कबिंदूंवरून घसरले. प्रिंटरने ते कार्ट्रिज ओळखलेच नाही. दुकानात परत नेले, तर पाकीट फोडलेला माल बदलून मिळत नाही, असे ऐकवण्यात आले. माल ठीक आहे की नाही हे फोडल्याशिवाय कळत नाही आणि फोडला की तो आपल्या गळ्यात पडतो. चंदेरी पाकिटाबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरचे कवच मात्र अनावश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जेल रोडचा दुकानदार
आपल्या अंगठ्याबद्दल वाईट वाटले, पण मत पटले नाही. रिकामी कार्ट्रिजे गोळा करून, त्यांत सिरिंजने शाई भरून ती नव्याच्या भावात विकणारे लोक या धंद्यात आहेत. पुठ्ठ्याचा खोका पुन्हा चिकटवता येतो. वितळवून जोडलेले कवच एकदा कापले की कापलेलेच दिसते. माझ्याकडे येणारा ग्राहक किमतीच्याही आधी ‘सीलबंद आहे ना?’ हे विचारतो. शिवाय शाईत पाण्याचा अंश मोठा असतो आणि ज्या छिद्रांतून ती बाहेर पडते ती केसापेक्षा बारीक असतात; हवा लागून शाई सुकली की ती बुजतात. लेझर प्रिंटरच्या टोनरमधला, म्हणजे भुकटीच्या शाईच्या कार्ट्रिजमधला, ड्रम उजेडाने खराब होतो, म्हणून ते काळ्या पिशवीत येते. हा सगळा बंदोबस्त ग्राहकाला छळण्यासाठी केलेला नाही.

रामबागकर
आपण ज्या पाकिटाची बाजू मांडलीत त्यावर मी आक्षेप घेतलेलाच नव्हता. राहिला प्रश्न बनावट मालाचा. पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवले की खालचे कडे तुटते आणि बाटली आधी उघडली होती की नाही हे लहान मुलालाही कळते. तिथे कात्री लागत नाही. सील तुटल्याचे दिसणे ही एक गोष्ट आणि सील तुटता न तुटणे ही दुसरी, आणि आपण या दोन्हींची गल्लत करत आहात.

राजेंद्रनगरची आजी
संधिवाताने माझी बोटे वाकली आहेत, त्यामुळे असे कवच मी उघडूच शकत नाही. नातवंडे रविवारी येतात, तोपर्यंत कार्ट्रिज टेबलावर पडून असते. दुकानदारांनी पैसे घेतल्यावर समोरच कवच कापून दिले, तर काय बिघडेल?

लोकमान्यनगर
दुकानदारांच्या युक्तिवादातली एक कच्ची बाजू दाखवतो. असे टणक कवच मुळात अशा मोठ्या दुकानांसाठी सोयीचे, जिथे माल खुंट्यांना टांगलेला असतो, ग्राहक तो स्वतः उचलतो आणि खिशात मावणारी महाग वस्तू चोरीला जाण्याची भीती असते. जेल रोडवर कार्ट्रिज काउंटरच्या मागून, दुकानदाराच्याच हातून मिळते. मग इथे हे कवच कोणाला अडवते? अमेझॉनने २००८ सालीच सहज उघडणाऱ्या साध्या पुठ्ठ्याच्या वेष्टनाची योजना सुरू केली होती, म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही.
आणखी एक इंदुरी अडचण आहे. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. पुठ्ठा सुक्यात, कवच प्लास्टिकमध्ये, जुने कार्ट्रिज ई-कचऱ्यात, इथवर ठीक; पण प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र असलेले ते चंदेरी पाकीट हातात धरून मी कचरागाडीसमोर दर वेळी गोंधळतो. (गाडीवाला गोंधळत नाही. तो फक्त घाई करतो.)

जेल रोडचा दुकानदार
खुंट्यांचा मुद्दा मान्य आहे. पण कंपनी जेल रोडसाठी वेगळे वेष्टन करणार नाही, आणि बनावट मालाची माझी भीती त्याने कमी होत नाही. आजींची सूचना मात्र रास्त आहे. सांगितल्यास कवच मी कापून देईन. चंदेरी पाकिटाला हात लावणार नाही, कारण ते उघडून कार्ट्रिज महिनाभर कपाटात ठेवले आणि नंतर ते चालले नाही, तर बोल मलाच लागेल.

रामबागकर
पाकीट मीच उघडेन, आणि या वेळी हाताने, कडेची खाच शोधून. ती खाच होती, हे मला नंतर दिसले. चंदेरीवर चंदेरी असल्यामुळे ती माझ्या चष्म्यातून सुटली होती. तिच्याशेजारी एक काळा बाण छापला असता, तर माझे कार्ट्रिज वाचले असते.